‘सायबरपंक 2077’ नेमका कुठे अडकला होता?

माझा भाचा गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिगमो जवळ आला की रात्रीचं जेवण उरकून तो आमच्या मंडळाच्या मांडवात येतो आणि चित्ररथाच्या कामाला हात लावतो. यंदा सांगाड्याला बांबू बांधता बांधता त्याने विचारलं, “मामा, सायबरपंकवाल्यांकडे पैसा होता, माणसं होती, तीनदा तारीख पुढे नेली. तरी गेम तसा कसा काय बाहेर आला? त्यांना दिसत नव्हतं काय?” ‘सायबरपंक 2077’ हा व्हिडिओ गेम डिसेंबर 2020 मध्ये चुकांनी भरलेला बाहेर आला, त्याबद्दल तो विचारत होता.

मी बारा वर्षं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम केलं आहे, त्यामुळे हा प्रश्न मला लागतो. दिसत असतं. जो ते काम रोज हाताळतो त्याला बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी दिसतं. पण दिसलेलं वर कुठपर्यंत पोचतं आणि पोचल्यावर ठरलेल्या तारखेपुढे त्याला किती किंमत मिळते, तिथे सगळं अडतं. त्या रात्री मांडवात जमलं तेवढं सांगितलं, उरलेलं इथे लिहितो. त्याची आई, म्हणजे माझी ताई, हे वाचणार आहे आणि तिने आयुष्यात गेम हातात धरलेला नाही. तेव्हा अगदी पहिल्यापासून सांगतो.

गेम बनवणारी कंपनी पोलंडची, सीडी प्रोजेक्ट. मुख्य कचेरी वॉर्सात, स्थापना 1994 ची. सुरुवातीला ही मंडळी बाहेरचे गेम आणून आपल्या देशात विकायची, पोलिश भाषेत करून द्यायची. पुढे स्वतः बनवू लागली आणि एवढी नावाजली, की 2011 साली बराक ओबामा पोलंडला गेले तेव्हा तिथल्या पंतप्रधानांनी दिलेल्या भेटींमध्ये या कंपनीचा ‘द विचर 2’ होता. आपण पाहुण्याला समई किंवा कुणबी शाल देतो, तसा. मे 2015 मध्ये ‘द विचर 3’ आला आणि जगभरच्या खेळणाऱ्यांचा या कंपनीवर विश्वास बसला. एवढा, की तिच्या पुढच्या गेमची लोक डोळे झाकून आगाऊ नोंदणी करायला तयार होते.

‘सायबरपंक 2077’ची घोषणा मात्र त्याच्याही आधीची, मे 2012 ची. माइक पाँडस्मिथ या अमेरिकन माणसाने 1988 साली कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन मित्रांच्या घोळक्यात खेळायचा ‘सायबरपंक’ नावाचा खेळ काढला होता. त्याचं जग, त्यातलं नाइट सिटी हे शहर, कंपनीने गेमसाठी घेतलं. जानेवारी 2013 मध्ये एक छोटी झलक दाखवली. तिच्या शेवटी तारखेच्या जागी एवढंच लिहिलं होतं, की तयार होईल तेव्हा येईल. हे वाक्य लक्षात ठेवा.

लोक 2012 ते 2020 अशी आठ वर्षं मोजतात आणि म्हणतात, आठ वर्षांत जमलं नाही? हा हिशेब चुकीचा आहे. 2016 च्या मे महिन्यात ‘द विचर 3’चा शेवटचा मोठा विस्तार, म्हणजे मूळ गेमला जोडलेला नवा भाग, येईपर्यंत कंपनीची बरीचशी माणसं त्याच कामात होती. सायबरपंकवर पूर्ण ताकदीने काम सुरू झालं ते 2016 नंतर. म्हणजे हातात खरी वर्षं साधारण चार. आणि ‘द विचर 3’ बनवताना कंपनीत सुमारे 240 माणसं होती, तर इथे 500 हून जास्त.

वाटा कशा वाढतात

ताईसाठी आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, काय असतो ते सांगतो. देवळातल्या उत्सवात आपण संगीत नाटक करतो तेव्हा संहिता एक असते. दुसऱ्या अंकात कोण येणार, काय बोलणार, सगळं ठरलेलं. आरपीजीत मुख्य भूमिका प्रेक्षकाला दिलेली असते आणि तो येऊन काय बोलेल याचा भरवसा नसतो. तो वाटेल तिथून प्रवेश करेल, वाटेल त्याला मारेल, वाटेल त्याला सोडेल. आणि बाकीच्या सगळ्या पात्रांनी त्याप्रमाणे वागायला हवं.

सायबरपंकच्या सुरुवातीच्या भागातलंच एक काम घ्या. एका टोळीकडून कोळ्यासारखा दिसणारा छोटा रोबो आणायचा आहे. तुम्ही पदरचे पैसे देऊन तो घेऊ शकता. किंवा ज्या कंपनीचा तो माल चोरीला गेला तिथल्या अधिकारी बाईंना आधी भेटून त्यांच्याकडून पैशांची चिप घेऊ शकता. त्या चिपमध्ये व्हायरस असतो. तो तुम्ही काढून टाका किंवा तसाच टोळीच्या गळ्यात मारा. नाहीतर सरळ बंदूक काढा. त्यातच टोळीचा जुना म्होरक्या एका खोलीत कोंडलेला आहे, त्याला सोडवायचं की नाही तेही तुमच्यावर. आणि गोष्ट इथे संपत नाही. पुष्कळ तासांनी तुम्ही याच टोळीच्या अड्ड्यावर पुन्हा जाता, तेव्हा समोर कोण उभा असेल हे त्या पहिल्या दिवशी तुम्ही काय केलं यावर ठरतं.

आता तपासणाऱ्याच्या नजरेने बघा. दहा ठिकाणी फक्त दोन-दोन पर्याय दिले तरी वाटा होतात 1024. बनवणारे हुशारीने वाटा पुन्हा एकत्र आणतात, सगळ्याच वेगळ्या ठेवत नाहीत, तरी ज्या उरतात त्या कुणीतरी चालून बघाव्या लागतात. एक दार दुरुस्त केलं की त्या दारातून जाणाऱ्या सगळ्या वाटा परत चालायच्या. म्हणून आरपीजीमध्ये शेवटचं काम सगळ्यात लांबतं आणि नेमका तोच काळ वेळापत्रकात सगळ्यात आधी कापला जातो. हे मी माझ्या कामात इतक्यांदा पाहिलं आहे, की कुठल्याही प्रकल्पाचं वेळापत्रक हातात आलं की मी ते शेवटच्या पानापासून वाचायला घेतो.

यात आणखी एक गोष्ट होती. गेम ज्यावर चालतो त्या मूळ यंत्रणेला इंजिन म्हणतात. चित्र रंगवणं, माणसं चालवणं, गाडी धडकली की काय व्हावं, आवाज कुठून यावा, सगळं तेच बघतं. सीडी प्रोजेक्टचं इंजिन घरचं होतं, रेडइंजिन नावाचं. ‘द विचर 3’ त्याच्या तिसऱ्या पिढीवर होता. त्यात मोकळी रानं, खेडी, घोडा. सायबरपंकला हवं होतं ते उंच इमारतींचं दाट शहर, भरधाव गाड्या, बंदुका, आणि सगळं पात्राच्या डोळ्यांतून दिसणारं. त्यासाठी इंजिनची चौथी पिढी घडवायला घेतली, गेम घडवत असतानाच. एका खोलीत इंजिनवाले पाया बदलताहेत आणि शेजारच्या खोलीत गेमवाले त्याच पायावर भिंत चढवताहेत. काल चाललेली गोष्ट आज का चालत नाही हे शोधण्यातच मग दिवस जातात.

पंगत आणि वाढपी

ज्या गोष्टीने हा गेम खऱ्या अर्थाने अडवला ती मात्र वेगळी आहे. तिला स्ट्रीमिंग म्हणतात. मोबाईलवर सिनेमा बघतो ते स्ट्रीमिंग वेगळं. हे गेमच्या पोटातलं.

देवळातला महाप्रसाद डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाक मागच्या बाजूला, तिथून मंडपात यायला एकच अरुंद बोळ. पंगतीच्या तोंडाशी एक बाकडं, त्यावर मावतील तेवढीच भांडी. वाढपी बोळातून बादल्या आणतात, बाकड्यावर ठेवतात, तिथून पानात वाढतात. भात, वरण, खतखतें, सोलकढी. पंगत सावकाश बसली तर कुणाचंही पान रिकामं राहत नाही.

गेममध्ये स्वयंपाकघर म्हणजे डिस्क. अख्खं शहर, प्रत्येक दुकानाची पाटी, प्रत्येक माणसाचा चेहरा तिथे साठवलेला. बाकडं म्हणजे मेमरी. ज्याचं पान मांडलंय त्यालाच वाढायचं, म्हणजे तुम्ही उभे आहात तिथलं आणि वळणापलीकडचं तेवढंच मेमरीत आणायचं, मागचं काढून टाकायचं. अख्खं नाइट सिटी एकाच वेळी कुठल्याच मेमरीत मावत नाही. बोळ म्हणजे डिस्कवरून मेमरीत माल आणण्याचा वेग.

आता प्लेस्टेशन 4 बघा. हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, नोव्हेंबर 2013 मध्ये बाजारात आला. मेमरी 8 जीबी, त्यातलाही काही हिस्सा यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी राखलेला. माल फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर. म्हणजे बाकडं लहान आणि बोळ अरुंद. आणि खेळणारा काय करतो? तो गाडीत बसतो आणि सुसाट सुटतो. एका मिनिटात पाच पंगती बसाव्यात तसं होतं. वाढप्यांच्या हाती मग एकच उपाय राहतो. सगळ्यांना आधी मीठ-लिंबू वाढून घ्यायचं, भात मागाहून. म्हणून जुन्या कन्सोलवर इमारती आधी गुळगुळीत ठोकळ्यांसारख्या दिसायच्या आणि खिडक्या नंतर उगवायच्या. माणसांचे चेहरे पुसट, रस्ते ओस, आणि ओझं फारच झालं की गेम सरळ बंद.

चांगल्या पीसीवर हाच गेम वेगळा दिसत होता. तिथे बोळ रुंद आणि बाकडं मोठं. जानेवारी 2021 मध्ये कंपनीचे संस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी कॅमेऱ्यासमोर येऊन माफी मागितली तेव्हा त्यांनी हेच सांगितलं. आधी पीसीवर गेम भव्य करायचा आणि मग तो कन्सोलवर, विशेषतः जुन्या कन्सोलवर, बसवायचा, असा मार्ग त्यांनी धरला होता. सुरुवातीला ते फार अवघड वाटलं नाही. शहर जितकं गच्च भरत गेलं तितकी जुन्या यंत्रांची डिस्क मागे पडत गेली आणि स्ट्रीमिंगची यंत्रणा पुन्हा पुन्हा सुधारावी लागली.

माझ्या मते मूळ चूक इथे आहे, आणि ती शेवटच्या सहा महिन्यांतली नाही. गेम सगळ्यात अशक्त यंत्रावर चालणार असं लोकांना सांगितलं असेल, तर त्या यंत्रावर तो पहिल्या दिवसापासून चालवून बघायला हवा. शेवटी बसवू म्हटलं की मग बसवायला काही उरत नाही, फक्त काढायला उरतं. इकडची गर्दी काढा, तिकडचे दिवे काढा.

समोरची बाजू आधी रंगवली की

चित्ररथाचं काम ज्यांनी केलंय त्यांना हे माहीत असतं. पेपरात फोटो द्यायचा असला की समोरची बाजू आधी रंगवतात. मागे नुसते बांबू आणि सुतळी. फोटोत रथ तयार दिसतो. जून 2018 मध्ये अमेरिकेतल्या इ3 या गेमच्या प्रदर्शनात पत्रकारांना सायबरपंक दाखवला गेला आणि ऑगस्टमध्ये त्याची 48 मिनिटांची चित्रफीत सगळ्यांसाठी आली. वर सांगितलेलं रोबोचं काम त्यातच होतं. लोक थक्क झाले. पुढे जानेवारी 2021 मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या बातमीत तिथल्या कर्मचाऱ्यांच्या हवाल्याने आलं, की तो नमुना जवळजवळ पूर्णपणे देखावा होता, त्यामागच्या यंत्रणा तेव्हा बनलेल्याच नव्हत्या. स्टुडिओचे प्रमुख आदाम बादोव्स्की यांनी जाहीर उत्तर दिलं, की गेम येण्याच्या दोन वर्षं आधीचा नमुना असाच असतो आणि शेवटी लोकांना मिळालेला गेम त्याहून चांगला आहे. नमुना असाच करतात हे खरं आहे, सगळा धंदा तसाच करतो. पण असा नमुना बनवायला महिने जातात आणि तेवढे महिने गेमच्या खऱ्या कामातून वजा होतात. शिवाय तो बघून लोकांनी मनात जी गोष्ट पक्की केली, ती पुढे कंपनीच्याच मानेवर बसली.

जून 2019 मध्ये त्याच प्रदर्शनाच्या रंगमंचावर नट किआनू रीव्हज आले. गेममध्ये त्यांची भूमिका आहे. टाळ्यांच्या कडकडाटात तारीख जाहीर झाली, 16 एप्रिल 2020. ‘तयार होईल तेव्हा’ची जागा तारखेने घेतली. एकदा तारीख बोलली की तिच्याभोवती जाहिराती बांधल्या जातात, दुकानांशी करार होतात, भागधारक तिच्याकडे डोळे लावून बसतात. सीडी प्रोजेक्ट वॉर्साच्या शेअर बाजारात आहे आणि त्या काळात ती पोलंडमधल्या सगळ्यात मोलाच्या कंपन्यांमध्ये गणली जात होती. म्हणजे तारीख हलवणं ही निव्वळ कामाची गोष्ट उरली नव्हती.

तरी ती हलली. जानेवारी 2020 मध्ये सप्टेंबरवर गेली, जूनमध्ये 19 नोव्हेंबरवर. मे 2019 मध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांना शब्द दिला होता की जादा काम कुणावर लादणार नाही. सप्टेंबर 2020 मध्ये आठवड्याचे सहा दिवस काम सक्तीचं झालं. जादा तासांचे पैसे दिले, नफ्यातला वाटाही देऊ केला, पण शब्द मोडला तो मोडला. गेमच्या धंद्यात याला क्रंच म्हणतात आणि शेवटी थोडं रेटावं लागतंच, असं म्हणून ते खपवून घेतात. थकलेला माणूस एक चूक दुरुस्त करताना दोन नव्या घालतो. हे मी दुसऱ्यांचं पाहिलंय आणि स्वतःही केलंय. आणि ऐनवेळी माणसं वाढवूनही उपयोग नसतो. चवथीच्या आदल्या दिवशी चित्रशाळेत गर्दी असते, पण गणपतीचे डोळे आखायला मूर्तिकार एकटाच बसतो. त्याच्या शेजारी दहा नवशिके बसवले तर त्याचा वेळ त्यांना समजावण्यातच जाईल.

त्यात कोविड. सगळे घरी. घरी प्रत्येकाकडे पीसी होता, कन्सोलची तपासणी-यंत्रं कचेरीत. म्हणजे ज्या यंत्रावर रोग होता तेच यंत्र बहुतेकांच्या नजरेआड गेलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनीने गेम ‘गोल्ड’ झाल्याचं जाहीर केलं. याचा अर्थ डिस्क छापण्याजोगी प्रत तयार आहे, एवढाच. लोकांनी तो ‘काम संपलं’ असा घेतला. आणि त्याच महिन्याच्या 27 तारखेला पुन्हा 21 दिवस मागितले. कारण सांगितलं ते असं, की जुने कन्सोल, त्यांची सुधारित रूपं, नवे कन्सोल, पीसी, स्टेडिया ही गूगलची इंटरनेटवरून गेम खेळवणारी सेवा असे मिळून 9 प्रकार एकाच वेळी तयार करून तपासायचे आहेत, तेही घरून. ते वाक्य वाचताना मला त्या तपासणाऱ्यांची कीव आली. आमचा एक चित्ररथ फोंडा, पणजी, म्हापसा, मडगाव अशा चार रस्त्यांवरून न्यायचा तर जीव मेटाकुटीला येतो.

10 डिसेंबर 2020

आगाऊ नोंदणी 80 लाखांची. पहिल्याच दिवशी स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर एकाच वेळी 10 लाखांहून जास्त लोक गेम खेळत होते. त्याआधी परीक्षण लिहिणाऱ्यांना दिल्या गेलेल्या प्रती मात्र फक्त पीसीच्या होत्या आणि त्यांना स्वतः टिपलेली दृश्यं दाखवायलाही मनाई होती. जुन्या कन्सोलवर गेम कसा दिसतो हे विकत घेणाऱ्यांना विकत घेतल्यावरच कळलं. या सगळ्या प्रकरणात मला माफ करता न येणारी गोष्ट हीच वाटते. चुका राहतात, राहिल्या. पण त्या झाकण्याचा निर्णय कुणीतरी बसून घेतलेला असतो.

चुका तरी किती प्रकारच्या! पोलीस तुमच्या पाठीमागे हवेतून प्रकट व्हायचे, कारण गाडीतून पाठलाग करणारे पोलीस बनलेच नव्हते. माणसं हात पसरून खांबासारखी उभी राहायची. एक चूक मला अजून आठवते, कारण ती फार शिकवणारी आहे. गेम बंद करताना आपण कुठपर्यंत आलो याची नोंद एका फाइलमध्ये ठेवली जाते. पीसीवर ती फाइल 8 एमबीच्या वर गेली की बिघडण्याची भीती होती, आणि बिघडलेली नोंद परत मिळायची नाही. फाइल फुगायची कशाने? पुष्कळ वस्तू गोळा केल्या, हाताने वस्तू बनवल्या की. म्हणजे जो खेळणारा गेमवर सगळ्यात जास्त जीव लावायचा त्याचीच वही आधी भरायची. थोड्याच दिवसांत ही मर्यादा काढली. पण ती तपासणीत का सापडली नाही ते उघड आहे. तपासणारा रोज नव्याने सुरुवात करतो, शंभर तासांची एकच वही घेऊन बसायला त्याला कुणी वेळ देत नाही.

17 डिसेंबरला सोनीने गेम आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली. एवढा मोठा गेम असा दुकानातून काढलेला याआधी कुणाला आठवत नव्हता. तो परत आला 21 जून 2021 ला. अमेरिकेत गुंतवणूकदारांनी दावे लावले, ते 18.5 लाख डॉलरवर मिटले. आणि तरी 20 डिसेंबरपर्यंत 1 कोटी 30 लाख प्रती खपल्या होत्या.

इविन्स्की म्हणाले, की लोकांना दिसलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा आमच्या तपासणीत दिसल्याच नव्हत्या. तिथे काम करणाऱ्यांनी ब्लूमबर्गला सांगितलं, की आम्हाला त्या माहीत होत्या, दुरुस्तीला वेळ नव्हता. मी कुणावर विश्वास ठेवतो ते सांगायला नको. खरं तर कंपनीनेच डिसेंबरमध्ये गुंतवणूकदारांसमोर कबूल केलं होतं, की तीन वेळा तारीख हलवल्यावर व्यवस्थापनाचं सगळं लक्ष गेम बाहेर काढण्यावर लागलं आणि जुन्या कन्सोलना आणखी वेळ हवा, या इशाऱ्यांकडे त्यांनी दुर्लक्ष केलं.

इशारा म्हणजे काय असतो, ते मी भाच्याला आमच्याच गोष्टीवरून सांगितलं. काही वर्षांपूर्वी आम्ही कालियामर्दन केलं होतं. नागाला पाच फणे, प्रत्येकाला ट्रकच्या वायपरची मोटर. मांडवात घरच्या विजेवर सगळे फणे असे डोलायचे, की गल्लीतली पोरं घाबरायची. मंडळात एक वायरमन आहे. मिरवणुकीच्या आठ दिवस आधी तो म्हणाला, जनरेटरवर एकदा चालवून बघूया. आम्ही म्हटलं, आधी रंग होऊ दे. दोन दिवसांनी तो परत म्हणाला. आम्ही म्हटलं, कृष्णाचा मुकुट राहिलाय. मिरवणुकीच्या दिवशी भाड्याचा जुना जनरेटर ट्रकवर चढला, हॅलोजन लागले, मोटरी सुरू केल्या आणि पाचही फणे मान टाकून थांबले. दिवे ठेवायचे की नाग हलवायचा, एवढाच पर्याय उरला. आम्ही दिवे ठेवले. पुढे रोमटामेळ, ढोल-ताशे, ओस्सय ओस्सय, आणि आमचा नाग निपचित. वायरमन ट्रकमागून चालत होता. तो एक शब्द बोलला नाही आणि त्याचं ते न बोलणं मला अजून टोचतं.

नंतरची तीन वर्षं

दुरुस्तीही सरळ झाली नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये कंपनीवर सायबर हल्ला झाला, आतली माहिती चोरून खंडणी मागितली गेली. त्यात पुढचा मोठा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा हप्ता, मार्चच्या शेवटावर गेला. 15 फेब्रुवारी 2022 ला नव्या कन्सोलसाठीची आवृत्ती आली. त्या सप्टेंबरात याच जगावरची ‘एजरनर्स’ ही अॅनिमे, म्हणजे जपानी अॅनिमेशनची, मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि लोक पुन्हा गेमकडे वळले. 21 सप्टेंबर 2023 ला 2.0 हा पॅच आला. त्यात पोलीस नव्याने बनवले, आता ते गाड्यांतून पाठलाग करतात. पात्राच्या कौशल्यांची अख्खी रचना बदलली. पाच दिवसांनी ‘फँटम लिबर्टी’ हा विस्तार आला. माझा भाचा जो गेम खेळतो तो हा. त्याला 2020 चा गेम माहीतच नाही, म्हणून त्याला प्रश्न पडला.

हे सगळं ऐकून लोक म्हणतात, बघा, शेवटी सुधारला ना. सुधारला, आणि ज्यांनी तीन वर्षं तो सुधारला त्यांचं कौतुक मला मनापासून आहे. पण ‘फँटम लिबर्टी’ प्लेस्टेशन 4 आणि मायक्रोसॉफ्टचा त्याच पिढीतला कन्सोल एक्सबॉक्स वन यांवर आलाच नाही. 2.0 सुद्धा नाही. तिथला गेम 1.6 पाशी थांबला. ज्यांच्या बाकड्यावर भात पोचत नव्हता ते पंगतीतून उठवले गेले, एवढं मान्य करूनच बाकीचं बोलावं.

हे दुखणं एका कंपनीचं नाही. ‘फायनल फँटसी 14’ हा ऑनलाइन आरपीजी 2010 साली आला तेव्हा त्यात एका साध्या फुलाच्या कुंडीवर खेळणाऱ्याच्या पात्राइतका तपशील खर्ची घातला होता. अशा वीस कुंड्या समोर आल्या की यंत्र गुदमरणारच. तो बनवणाऱ्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने नाओकी योशिदा यांना नवे प्रमुख म्हणून आणलं, 2012 च्या नोव्हेंबरात तो गेम बंद केला आणि 2013 मध्ये नव्याने बांधून दिला. ‘मास इफेक्ट: अँड्रोमेडा’ या बायोवेअर कंपनीच्या आरपीजीला वेगळाच ताप होता. फ्रॉस्टबाइट हे इंजिन मुळात गोळीबाराच्या गेमसाठी घडवलेलं, आरपीजीला लागणाऱ्या कित्येक साध्या गोष्टी त्यात नव्हत्याच, त्या बायोवेअरला बांधून घ्याव्या लागल्या. प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे, पण कुंडीचा हिशेब कुणीतरी वेळेत करायला हवा होता, हे सगळीकडे सारखं.

मार्च 2022 मध्ये सीडी प्रोजेक्टने घरचं इंजिन बाजूला ठेवून एपिक कंपनीच्या अनरियल इंजिनवर जायचं ठरवलं. डिसेंबर 2024 मध्ये ‘द विचर 4’चा ट्रेलर आला. शेवटी तारीख नव्हती. जून 2025 मध्ये त्यांनी त्याच इंजिनवर बनवलेला तांत्रिक नमुना दाखवला. एक बाई घोड्यावरून डोंगर उतरून गजबजलेल्या बाजारात येते. हा गेम नाही, नमुना आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि तो महागड्या पीसीवर नाही, साध्या प्लेस्टेशन 5 वर चालवून दाखवला, सेकंदाला 60 चित्रांच्या वेगाने.

भाच्याने तो नमुना मांडवातच मोबाईलवर लावला. वायरमनही वाकून बघत होता. बाजाराचं दृश्य संपल्यावर भाच्याने फोन खिशात टाकला आणि कोपऱ्यातल्या जनरेटरची दोरी ओढली. यंदा जनरेटर पहिल्या बांबूच्या आधी मांडवात आला आहे.